‘इंधन रोखलं की नेपाळ वठणीवर येतो’ : खुलासा

हा समज जुना आहे आणि 2015 चा अनुभव त्याच्या उलट आहे. 20 सप्टेंबरला नेपाळची राज्यघटना लागू झाली, तिच्यावर नाराज असलेल्या मधेशींचं (भारताच्या सीमेलगतच्या तराईत राहणाऱ्या नेपाळींचं) आंदोलन चिघळलं आणि भारत-नेपाळ सीमेवरच्या रक्सौल-वीरगंज नाक्यावर माल आणि इंधनाचे ट्रक अडकले. नाकेबंदी आपली नाही, असं भारत म्हणत राहिला; काठमांडूत ते कुणाला पटलं नाही. एप्रिलच्या भूकंपातून देश सावरत होता, त्यात गॅस सिलिंडर मिळेना. जानेवारीत घटनादुरुस्ती झाली खरी, पण मधेशी पक्षांचं समाधान झालं नाही. फेब्रुवारीत कोंडी सुटली आणि मार्चमध्ये पंतप्रधान ओली बीजिंगला जाऊन चीनशी पारगमन करार (चीनमधून माल ने-आण करण्याचा) करून आले.

आता चीन किती उपयोगी? कोंडीच्या काळात त्याने दिलेलं इंधन सुमारे 13 लाख लिटर, म्हणजे तात्पुरतं जुळवून घेण्यापुरतं. चीनचं तिआनजिन बंदर नेपाळला कोलकात्याच्या कैक पट दूर, वाट हिमालयातून. व्यापार दक्षिणेकडून, म्हणजे भारतातूनच चालतो. गेला तो भारतावरचा विश्वास.

भारताचं वजन वाढवलं ते 2019 च्या मोतिहारी (बिहार)-अमलेखगंज (नेपाळ) या 69 किलोमीटरच्या इंधन नळवाहिनीने. टँकरचा खर्च वाचला, भेसळ-गळती घटली.