पक्षाघाताचं इंजेक्शन वेळेत का मिळत नव्हतं

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन उपयोगी पडतं, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने १९९५ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी तिथे त्याला मंजुरी मिळाली. अट मात्र कडक होती: लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत. (ही मुदत साडेचार तासांवर गेली ती २००८ मधल्या युरोपीय चाचणीनंतर.) शिवाय आधी सीटी स्कॅन हवाच. मेंदूत रक्तस्राव होऊनही पक्षाघात होतो, आणि अशा रुग्णाला हे औषध दिलं तर जिवावर बेततं. नुसतं तपासून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही.

औषध होतं, स्कॅनचं मशीन होतं. तरी रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यावरही ताटकळत राहायचा. आधी केसपेपर, मग डॉक्टरांची तपासणी, मग रक्ताचे रिपोर्ट, मग स्कॅन, मग रेडिओलॉजिस्टचा अहवाल. प्रत्येक जण आपलं काम चोख करत होता, पण आधीच्याचं संपल्यावरच.

फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठ रुग्णालयाने नेमकी ही रांग मोडली, आणि मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. ॲम्ब्युलन्समधून आधीच फोन येऊ लागला. रुग्ण रस्त्यात असतानाच त्याची जुनी कागदपत्रं बघायची, घरच्यांना विचारून लक्षणं कधी सुरू झाली ते पक्कं करायचं, तपासण्या आधीच लिहून ठेवायच्या. स्कॅनचं मशीन इमर्जन्सी विभागातच आणलं. रुग्णाला खाटेवर न घेता ॲम्ब्युलन्सच्याच स्ट्रेचरवरून थेट तिकडे न्यायचं. स्कॅन न्यूरोलॉजिस्टनेच वाचायचा आणि इंजेक्शन तिथेच, स्कॅनच्या टेबलावर सुरू करायचं. १९९८ मध्ये दारात आल्यापासून इंजेक्शनपर्यंत साधारण १०५ मिनिटं जात होती. २०११ मध्ये २०. औषध तेच होतं. पुढे मेलबर्नच्या एका रुग्णालयाने हीच पद्धत उचलली आणि तिथलाही वेळ घटला.

लंडनमध्ये प्रश्न एका इमारतीपुरता नव्हता. तिथे सुमारे तीस रुग्णालयं पक्षाघाताचे रुग्ण घेत होती आणि सगळीकडे रात्रंदिवस तज्ज्ञ असणं शक्य नव्हतं. २०१० मध्ये आठच केंद्रं निवडली गेली. जवळचं रुग्णालय ओलांडून ॲम्ब्युलन्सने तिथेच जायचं, असा नियम झाला. घराशेजारचा दवाखाना सोडून पुढे जाणं लोकांच्या गळी उतरवणं सोपं नसतं. पण त्याच वर्षी मँचेस्टरने मधला मार्ग घेतला: लक्षणं सुरू होऊन चार तास उलटले नसतील ते रुग्ण मोठ्या केंद्रात, बाकीचे जवळच्या रुग्णालयात. २०१४ मध्ये दोन्हींची तुलना प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये मृत्यूंचं प्रमाण उर्वरित इंग्लंडपेक्षा जास्त घटलं होतं, मँचेस्टरमध्ये तसा फरक दिसला नाही. इंजेक्शनची वेळ टळलेल्या रुग्णालाही चांगल्या शुश्रूषेचा फायदा होतो, हे यातून कळायला हवं होतं. २०१५ मध्ये मँचेस्टरनेही नियम बदलून सगळ्यांनाच मोठ्या केंद्रांत न्यायला सुरुवात केली.

त्याच सुमाराला नळी घालून मोठी गुठळी ओढून काढण्याचा उपचार चाचण्यांत सिद्ध झाला आणि हिशेब पुन्हा बदलला, कारण ही सोय मोजक्याच ठिकाणी असते. आधी जवळ जाऊन इंजेक्शन घ्यायचं, की थेट लांबचं केंद्र गाठायचं? स्पेनमधल्या कॅटलोनियात यावर चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: मोठी गुठळी असल्याचा संशय असलेल्या रुग्णांत, ९० दिवसांनंतर दोन्ही मार्गांमध्ये ठळक फरक नव्हता. त्या भागातली छोटी रुग्णालयंही झटपट काम करणारी होती, हे त्या निकालाबरोबर वाचायला हवं.