सेरीन ४७३ ची अँटिबॉडी आणि ‘पी-एकेटी’ नावाचा घोळ

एकेटी हे पेशीच्या वाढीला चालना देणारं प्रोटीन. त्याच्या सेरीन ४७३ वर, म्हणजे साखळीतल्या ४७३ व्या जागच्या सेरीन या अमिनो आम्लावर, फॉस्फेट बसलेलं एकेटी ओळखणारी सशाची मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून आलेली, म्हणून कायम एकसारखी) अँटिबॉडी कॅन्सरवर काम करणाऱ्या कितीतरी लॅबच्या फ्रीजरमध्ये असते. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने शोधायची पद्धत) ६० केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास बँड म्हणजे पट्टा येतो, खाली ‘पी-एकेटी’ लिहिलं जातं आणि वाचणारा समजतो की एकेटी चालू आहे. मला हे नावच खटकतं.

एकेटी हे नाव १९७७ मध्ये उंदराच्या थायमोमातून मिळालेल्या रेट्रोव्हायरसकडून आलं, ते किनेज (दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम) आहे हे १९९१ मध्ये तीन गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं, म्हणून पीकेबी वगैरे नावंही चिकटली. १९९६ मध्ये एकेटीवर फॉस्फेट बसण्याच्या दोन जागा कळल्या, थ्रिओनीन ३०८ आणि सेरीन ४७३. पहिलीवर फॉस्फेट लावणारं पीडीके१ वर्षभरात सापडलं. दुसरीचं काही सापडेना, तर न सापडलेल्या एन्झाइमला आधीच पीडीके२ नाव देऊन टाकलं! मग नऊ वर्षं हा वाद चालला, कोणी म्हणे आयएलके, कोणी डीएनए-पीके, कोणी म्हणे एकेटी स्वतःच स्वतःवर लावतं, आणि प्रत्येक वेळी पुरावा काय तर ४७३ चा बँड गेला की राहिला. २००५ मध्ये उत्तर मिळालं, एमटॉर कॉम्प्लेक्स २, म्हणजे एमटॉर हे किनेज असलेला प्रोटीनचा एक समूह.

आधीच्या अँटिबॉड्या पॉलिक्लोनल (सशाच्या रक्तातलं अनेक अँटिबॉड्यांचं मिश्रण), ससा बदलला की माल बदलायचा. हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवणारी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडून एकच अँटिबॉडी कायम मिळवायचं तंत्र) १९७५ चा, पण तो उंदराचा, सशासाठी फ्यूजनला चालणारी सेललाइन १९९५ मध्ये आली, त्यानंतर सशाच्या मोनोक्लोनलचा मार्ग मोकळा झाला. तरीही ही अँटिबॉडी एकेटी१, २, ३ या तिन्ही प्रकारांना धरते, एकेटी२ मध्ये तीच जागा ४७४ आणि एकेटी३ मध्ये ४७२ असली तरी, म्हणजे ब्लॉटवर नेमकं कोणतं दिसतंय ते कळत नाही.

आता खरा मुद्दा. २००६ मध्ये कॉम्प्लेक्स २ मोडलेल्या उंदरांच्या पेशी तपासल्या तर ४७३ चा सिग्नल गायब, पण एकेटी ज्या प्रोटीनांवर फॉस्फेट लावतं त्यांपैकी जीएसके३ आणि टीएससी२ वरचं फॉस्फेट जागच्या जागी, फटका बसला तो फॉक्सओला. म्हणजे ४७३ नसतानाही एकेटी बरंच काम करतं. तरी सगळे ४७३ च लावतात, कारण बँड ठसठशीत येतो, ३०८ चा बऱ्याचदा फिका.

उलटंही होतं. आमच्याकडे एका मुलीने एटीपीच्या (फॉस्फेट पुरवणारा रेणू) जागी बसणारं एकेटी इनहिबिटर, म्हणजे एकेटी रोखणारं औषध, पेशींना दिलं, फिल्म बाहेर काढली तर ड्रगची लेन कंट्रोलपेक्षा काळी. तिला वाटलं लेन उलट लोड झाल्या, बिचारीने तीनदा ब्लॉट केला. चूक काहीच नव्हती, या प्रकारची औषधं एकेटीला अशा आकारात अडकवतात की फॉस्फेट टिकून राहतं पण काम बंद. पीआरएएस४० या एकेटीच्या आणखी एका लक्ष्याचं फॉस्फेट तपासल्यावर ते उतरलेलं दिसलं. एमके-२२०६ सारखं, एटीपीच्या जागेऐवजी दुसरीकडे बसणारं, अॅलोस्टेरिक औषध असतं तर ४७३ चा बँडही गेला असता.

टिश्यूत अजून पंचाईत, गाठ काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत फॉस्फेट उतरत जातं, त्यामुळे निगेटिव्ह स्लाइडचा अर्थ लावणं अवघड. अमेरिकेत २०२३ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी कॅपिव्हासर्टिब मंजूर झालं तेव्हा रुग्ण निवडायला पीआयके३सीए, एकेटी१ आणि पीटेन या जीनमधले बदल धरले, पी-एकेटीचं स्टेनिंग नाही.