व्हेनिस: आधी गाळाची भीती, मग भरतीची

३ ऑक्टोबर २०२० रोजी मोठी भरती येऊनही व्हेनिसचा सेंट मार्क चौक कोरडा राहिला, कारण लिडो, मालामोक्को आणि किओज्जा या समुद्राकडे उघडणाऱ्या तीन मुखांवरचे ७८ पोलादी दरवाजे त्या दिवशी प्रथमच प्रत्यक्ष पुरापुढे उभे करण्यात आले. ४ नोव्हेंबर १९६६च्या पुरात पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले होते आणि या 'मोसे' योजनेचे मूळ त्या आपत्तीत आहे. आपल्या इतिहासातील बराच काळ मात्र या शहराला धास्ती होती ती पाणी हटून जमीन पुढे सरकण्याची.

५६८ साली लोम्बार्ड या जर्मानिक टोळीचे इटलीवर आक्रमण झाल्यावर मुख्य भूमीवरचे अनेक लोक खारकच्छातील, म्हणजे समुद्रालगतच्या उथळ खाऱ्या सरोवरातील, बेटांवर कायमचे वसले. ८१०च्या सुमारास फ्रँकांचा हल्ला फसला आणि सत्तेचे केंद्र आतल्या रिआल्टो बेटांकडे आले. वाट माहीत नसलेले जहाज हमखास रुतवणारे हे उथळ पाणी हाच शहराचा तट होता. ब्रेंता, सिले आणि पिआवे या नद्यांच्या गाळाने तो भरून आला असता, तर बंदरही गेले असते आणि संरक्षणही. रावेन्नाचे जुने बंदर असेच जमिनीत गेले. म्हणून व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १५०१ साली पाण्याच्या कारभारासाठी स्वतंत्र अधिकारी मंडळ नेमले, नद्यांची मुखे खारकच्छाबाहेर वळवली आणि १६०४ साली पो नदीचाही प्रवाह दक्षिणेकडे फिरवला. इतका दीर्घ पल्ल्याचा जलव्यवहार सांभाळणारी राज्ये इतिहासात थोडीच सापडतील.

अशा खर्चिक कामांमागे सागरी व्यापाराचा पैसा होता. १२८४पासून पाडलेले व्हेनिसचे सोन्याचे नाणे, ज्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख दिसतो, पश्चिम भारतातही खेळले आणि महाराष्ट्रात पुतळी म्हणून दागिन्यांत ओवले गेले.

इमारतींखाली ओक, लार्च, आल्डरचे खांब चिखलात दाटीने ठोकलेले आहेत. तेथे प्राणवायू जवळजवळ पोहोचत नसल्याने लाकूड शतकानुशतके टिकते. पिण्याच्या पाण्याची सोय तर याहून कौतुकास्पद होती. चौकात मोठा खड्डा खणून त्याला चिकणमातीचे अस्तर देत, मध्ये विटांची विहीर बांधत आणि भोवती वाळू भरत. फरसबंदीतील छिद्रांतून उतरणारे पावसाचे पाणी त्या वाळूतून गाळून विहिरीत जमे. १८८४ साली नळाचे पाणी येईपर्यंत शहराची मुख्य भिस्त या विहिरींवर होती, आणि त्यांची कोरीव दगडी तोंडे आजही चौकाचौकांत दिसतात.

१७९७ साली नेपोलियनपुढे प्रजासत्ताक संपले. विसाव्या शतकात मुख्य भूमीवरच्या मार्गेरा भागातील कारखान्यांसाठी भूजलाचा बेसुमार उपसा झाला, जमीन खचली आणि समुद्रही चढला. उपसा १९७०च्या दशकात आटोक्यात आला, तरी शतकभरात शहराच्या तुलनेत पाणी वीस-पंचवीस सेंटिमीटर वर आले. दरवाजे साधारणपणे ११० सेंटिमीटरच्या भरतीचा अंदाज असेल तेव्हा उचलले जातात. सेंट मार्क चौकाचा सखल भाग त्याआधीच पाण्याखाली जातो, त्यामुळे २०२२ साली तेथील सेंट मार्क बॅसिलिका या चर्चभोवती काचेची स्वतंत्र भिंत उभारावी लागली.