३०० चा प्लॅन घेऊनही साइट तेवढ्याच वेळात का उघडते?

नेटवर्किंगच्या सर्टिफिकेशनची तयारी करणाऱ्या पोरांच्या नोट्स कधी चाळल्यात का? दादर, ठाणे, अंधेरी, कुठल्याही क्लासच्या झेरॉक्स घ्या, मजकूर तोच. ओएसआयचे सात थर, पाठ करायचे पोर्ट नंबर (२२ एसएसएच, ५३ डीएनएस, ४४३ एचटीटीपीएस), सबनेटिंगची कोष्टकं, मग "टीसीपी रिलायबल, यूडीपी अनरिलायबल पण फास्ट" आणि त्याखाली बारीक अक्षरात "विंडोइंग: फ्लो कंट्रोलसाठी वापरतात". झालं, पुढचा चॅप्टर. सीसीएनएच्या (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेच्या) १२० मिनिटांत विंडो आतून कशी चालते ते लिहायला कोणी सांगत नाही, त्यामुळे कोणी वाचतही नाही. आणि इकडे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद चालू असतो की १०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून ३०० चा घेतला तरी ती परदेशी साइट तशीच रडतखडत उघडते, म्हणजे केबलवाला लुटतोय. केबलवाला लुटत असेलही, पण या तक्रारीचं उत्तर त्या बारीक अक्षरातल्या ओळीत आहे.

एमबीपीएसचा आकडा एवढंच सांगतो की दर सेकंदाला किती बिट घरात येऊ शकतात. पहिला बिट यायला किती वेळ लागेल याच्याशी त्याचा काही संबंध नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत १२,५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन कमीत कमी १२५ मिलीसेकंद. आणि सरळ केबल कुठेच नसते, वर्सोव्याच्या किनाऱ्यातून निघालेली केबल समुद्राखालून वळसे घेत जाते, मध्ये राउटर लागतात, त्यामुळे पिंग केलं (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं) तर २०० मिलीसेकंद धरून चाला. हे कुठलाही प्लॅन कमी करू शकत नाही, कितीही पैसे भरा.

आता विंडो. बिल्डिंगचा स्लॅब पडताना बघितलाय ना, मजूर रांग लावून घमेली पुढे सरकवतात आणि रिकामी घमेली उलटी खाली येतात. समजा घमेली ६४ च आहेत. सगळी वर गेली की खालचा माणूस फावडं टेकून उभा, पहिलं रिकामं घमेलं परत येईपर्यंत त्याला काही करता येत नाही, मग तो कितीही पैलवान असो. रांग जितकी लांब तितका तो जास्त वेळ नुसता उभा. टीसीपीचं, म्हणजे डेटा पोचल्याची खात्री करत पाठवायच्या इंटरनेटच्या पद्धतीचं, हेच आहे. पोचपावती न येता जास्तीत जास्त किती डेटा वाटेत असू शकतो, त्या मर्यादेला विंडो म्हणतात.

१९८१ च्या टीसीपीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये विंडो लिहायला १६ बिटांची जागा आहे, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. हिशोब करा: एवढे बाइट पाठवले, पोच यायला २०० मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाला पाच फेऱ्या, एका बाइटचे आठ बिट, एकूण साधारण २.६ एमबीपीएस. लाइन १०० ची असो नाहीतर १००० ची, एका कनेक्शनला मिळणार २.६ च. १०० एमबीपीएसची लाइन या अंतरावर पूर्ण भरायची तर वाटेत सतत २५ लाख बाइट असायला हवेत, म्हणजे जवळजवळ ३८ पट. म्हणून १९९२ मध्ये विंडो स्केलिंग आलं, विंडोचा आकडा डावीकडे जास्तीत जास्त १४ बिट सरकवायचा (दर बिटाला तो दुप्पट होतो), की मर्यादा थेट १ जीबीच्या घरात.

पण ही झाली घेणाऱ्याची विंडो. पाठवणाऱ्याची अजून एक स्वतःची विंडो असते आणि माझा जीव अडकलाय तो तिच्यात. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. सेकंदाला ४० बिट! दोन्ही ठिकाणांत अंतर किती, तर ४०० यार्ड. झालं काय होतं, तर पॅकेट (डेटाचा एक तुकडा) हरवलं की प्रत्येक मशीन ते पुन्हा पाठवत होतं, त्याने गर्दी अजून वाढत होती, अजून पॅकेट हरवत होती. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी यावर उपाय काढला आणि १९८८ मध्ये पेपर छापला: पाठवणाऱ्याने थोड्या डेटाने सुरुवात करायची, पोच आली की दर फेरीला दुप्पट करायचं, पॅकेट हरवलं की निम्म्यावर यायचं आणि पुढे दर फेरीला एकेक सेगमेंट (एका पॅकेटात मावणारा डेटा) वाढवत जायचं. गर्दी किती आहे ते सांगणारा मध्ये कोणी नाही, प्रत्येक मशीन आपापली पोच बघून ओळखतं. मला हे अजूनही भारी वाटतं.

लांबच्या अंतरावर हेच महाग पडतं. २५ लाख बाइट म्हणजे १४६० बाइटचे १७१२ सेगमेंट, एक हरवला की विंडो ८५६ वर, आणि दर फेरीला एक या चालीने परत यायला ८५६ फेऱ्या, गुणिले ०.२ सेकंद, जवळजवळ तीन मिनिटं. म्हणून आता लिनक्समध्ये मुळातच क्यूबिक नावाची नवी पद्धत असते, पॅकेट हरवलं की ती निम्म्याऐवजी ७० टक्क्यांवर थांबते आणि वक्र रेषेने लवकर वर चढते.

आता आपल्या साइटकडे. समजा पान १ लाख बाइटचं आहे. टीसीपी हँडशेकला (दोन्ही मशीननी कनेक्शन जुळवायला) एक फेरी, एन्क्रिप्शनला एक, मग सुरुवातीचे १० सेगमेंट, मग २०, मग ४०, झाले ७०, पान पूर्ण. पाच फेऱ्या, एक सेकंद. यात १०० एमबीपीएसवर डेटा प्रत्यक्ष ओतायला लागलेला वेळ फक्त ८ मिलीसेकंद. प्लॅन तिप्पट करा, तुम्ही त्या ८ मधले पाचेक वाचवाल! तेच पान मुंबईतल्याच सर्व्हरवर ठेवलं आणि फेरी ५ मिलीसेकंदांची झाली की २५ मिलीसेकंदांत काम फत्ते, म्हणून मोठ्या कंपन्या आपल्या कॉपी शहराशहरात ठेवतात. "गेमिंग" लिहिलेला लाल दिव्यांचा राउटर प्रकाशाचा वेग वाढवत नाही.

तसंच नेटवर्कच्या रॅकला लिंबू-मिरची बांधूनही पॅकेट लॉस थांबत नाही. दसऱ्याला नेटवर्क स्विचची पूजा जरूर करा, हार घाला, पण कुंकू जरा लांब ठेवा, स्विचचे पंखे हवा आत ओढतात तसं कुंकूही ओढतात.

परीक्षेवाल्यांनी हे वायरशार्कमध्ये (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्वतः बघा. कॅप्चर आधी चालू करा, मग साइट उघडा, आणि पहिल्या सिन पॅकेटच्या (हँडशेक सुरू करणाऱ्या पॅकेटच्या) ऑप्शन्समध्ये विंडो स्केल शोधा. तो आकडा फक्त हँडशेकमध्ये पाठवला जातो, पुढच्या पॅकेटांत नसतो, त्यामुळे कनेक्शन चालू झाल्यावर कॅप्चर घेतलं तर विंडो भलतीच छोटी दिसते आणि माणूस नसलेला प्रॉब्लेम शोधत बसतो.