'द पुअर' या शब्दात एकटा माणूस का मावत नाही

'धाकटीला बोलाव' म्हटलं की मराठीत कुणाला बोलवायचं ते कळतं. मुलगी की बहीण हे सांगावं लागत नाही. लिंग, वचन, विभक्ती सगळं त्या विशेषणालाच चिकटलेलं असतं, म्हणून सोबत नाम नसलं तरी अडत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही हीच सोय होती. 'से ब्लिंडा' म्हणजे आंधळा, 'सेओ ब्लिंडे' म्हणजे आंधळी, 'था ब्लिंडन' म्हणजे आंधळे लोक.

पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजले आणि उरलं नुसतं 'ब्लाइंड'. बाई की पुरुष, एक की अनेक, हे त्यातून कळेना. एकट्यासाठी 'ब्लाइंड मॅन', 'ब्लाइंड वुमन' असं नाम जोडणं आलं आणि 'द ब्लाइंड' समूहाच्या वाट्याला गेलं. 'द पुअर', 'द ब्लाइंड' अशी समूहाची लेबलं माणसांना लावावीत का, या आजच्या वादाचं मूळ मला इथेच दिसतं. 'द पुअर' म्हणताना त्यातून एक माणूस वेगळा काढता येत नाही, दोन किंवा तीनही मोजता येत नाहीत. 'द अक्यूज्ड' (आरोपी), 'द डिसीज्ड' (मृत व्यक्ती) असे एकवचनी अपवाद मुख्यतः कायद्याच्या भाषेत टिकले.

या समूहवाचक शब्दांना वजन आलं ते धर्मग्रंथ आणि कायदा या दोन्हींमुळे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'द मीक' म्हणजे नम्र माणसं धन्य ठरतात. त्यातल्या 'द क्विक अँड द डेड' या जोडीत तर 'क्विक'चा 'जिवंत' हा जुना अर्थ अजून शाबूत आहे. त्याआधी दहा वर्षं, १६०१ मध्ये, इंग्लंडने गरिबांच्या मदतीचा कायदा केला. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, 'ओव्हरसीयर्स ऑफ द पुअर', गरिबांवर देखरेख करणारे, नेमले गेले. ते कर गोळा करत आणि कोण काम करू शकतो, कोण नाही, याची विभागणी करत. बायबलमधल्या 'द मीक'ना आशीर्वाद होता. इथले 'द पुअर' म्हणजे कारभाराच्या वहीतला एक रकाना झाले.

काही विशेषणांना 'एस' लागला आणि ती पुरती नामं झाली: 'ब्लॅक्स', 'व्हाइट्स', 'गेज' (समलिंगी). रकान्याचं सर्वांत क्रूर रूप दक्षिण आफ्रिकेत दिसलं. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला 'व्हाइट' (गोरा), 'कलर्ड' (मिश्रवंशीय) किंवा 'नेटिव्ह' (काळा आफ्रिकी) ठरवलं आणि माणूस कुठे राहणार, कुठे शिकणार हे त्या एका शब्दावर अवलंबून राहिलं. तरीही 'कलर्ड' हा शब्द तिथले बरेच जण आज आपल्या समाजाचं नाव म्हणून स्वतः वापरतात. शब्द कुणी लादला आणि कुणी आपलासा केला, हे व्याकरण सांगू शकत नाही.

अशा लेबलांच्या विरोधाला संघटित रूप आलं ते १९७० च्या दशकात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९७४ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्यांनी आपल्या संघटनेला नावच दिलं 'पीपल फर्स्ट', आधी माणूस. १९९० पर्यंत हा आग्रह कायद्यात पोचला: 'हँडिकॅप्ड चिल्ड्रन'साठी १९७५ मध्ये झालेल्या शिक्षण कायद्याचं नाव बदलून त्यात 'इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज', अपंगत्व असलेल्या व्यक्ती, आलं.

पण ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते सगळे खूश नव्हते. अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने १९९३ मध्ये 'आधी माणूस' म्हणायच्या या सक्तीविरुद्ध ठराव केला. आम्ही अंध आहोत, हे सरळ म्हणण्यात लाज कसली, अशी त्यांची भूमिका होती. मला ती पटते. वळसा घालून बोलावं लागतं तेव्हा त्या शब्दात काही वाईट आहे हे आपणच मान्य करतो.

जानेवारी २०२३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 'द पुअर', 'द डिसेबल्ड' अशी लेबलं टाळा असं सुचवलं आणि त्याच यादीत 'द फ्रेंच' घातलं. खूप टीका झाली, संस्थेने ते ट्वीट मागे घेऊन माफी मागितली. 'द फ्रेंच' हे एका भाषेच्या, एका संस्कृतीच्या लोकांचं नाव आहे. बहिऱ्यांमधले खुणांची भाषा बोलणारे स्वतःबद्दल नेमकं हेच सांगतात. १९७२ पासून 'डेफ' मोठ्या 'डी'ने लिहिण्याची पद्धत सुरू झाली ती त्यासाठीच, आणि त्या मोठ्या 'डी'आधी 'द' लावायला त्यांच्यातल्या अनेकांची हरकत नसते.