पाथरीचा ज्ञानराज आणि पृथ्वीखालचा आधार

ज्योतिषगणिताच्या इतिहासात पाथरीच्या ज्ञानराजाला बहुधा दोनच ओळी मिळतात, आणि त्यातली एक टोमण्याची असते: भास्कराचार्यांनी पृथ्वीखालचा आधार काढून टाकला, ह्याने साडेतीनशे वर्षांनी तिथे कूर्म परत आणून बसवला. टोमणा खोटा नाही, पण अपुरा आहे.

भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ 1150 चा. त्यानंतर पंचांगकर्त्यांची गरज सुटसुटीत करणग्रंथांनी, म्हणजे झटपट गणिताच्या पुस्तकांनी, भागत होती. खुद्द भास्कराचार्यांनी 1183 मध्ये ‘करणकुतूहल’ लिहिलेच. ग्रह कुठे आहे हे निघाले की झाले. तिथेच का आहे, याची चर्चा जुन्या ग्रंथांवरच्या टीकांत, म्हणजे भाष्यांत, चाले. अशा काळात, 1503 च्या सुमारास, पार्थपुरात म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत ज्ञानराजाचा ‘सिद्धांतसुंदर’ हा नवा सिद्धांतग्रंथ, म्हणजे गणितामागची कारणेही मांडणारा ग्रंथ, उभा राहिला. गाव तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होते; 1518 मध्ये निझामशाहीने ते घेतले. पुढे 1520 मध्ये कोकणातल्या नांदगावी ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ तयार झाला. ज्या-कोज्यांची (साइन-कोसाइनची) कटकट नाही, गणित झटपट. पंचांगे त्याच्यावर निघू लागली आणि ‘सुंदर’ पंडितांपुरता राहिला.

खरा गुंता आधाराचा. पुराणांतली भूमी सपाट, पन्नास कोटी योजने पसरलेली. चंद्र सूर्याच्याही वर. सिद्धांतात पृथ्वी गोल, व्यास 1581 योजने, आणि चंद्र सर्वांत जवळ. भास्कराचार्यांची बाजू मोजमापाची होती: एकाच दक्षिणोत्तर रेषेवरच्या दोन गावांतले अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतला फरक घ्या, त्रैराशिकाने परीघ काढा. जमीन सपाट दिसते, कारण परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. पृथ्वीला कोणीतरी धरले आहे म्हणावे, तर त्या धरणाऱ्याला कोणी धरले? कुठेतरी थांबून ‘हा स्वतःच्या शक्तीने राहतो’ असे म्हणावेच लागते. मग ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? अनवस्थेचा, म्हणजे कधीच न संपणाऱ्या साखळीचा, हा दाखला इतका नेमका आहे की तो वाचल्यावर वाद मिटला असेच वाटते.

ज्ञानराजाने तो मिटू दिला नाही. पृथ्वीचा गोल त्याने मान्य केला, भास्कराचार्यांचे गणितही टाकले नाही. पण त्याने विचारले: अल्प बळाचे गिधाड चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकते, तर अचिंत्य शक्तीचा कूर्मरूपी ईश्वर कल्पभर पृथ्वी धरून का राहू शकणार नाही? डाव लक्षात घ्यावा. साखळी कुठेतरी थांबते हे दोघांनाही मान्य आहे. कुठे थांबते हे अनवस्थेच्या दाखल्याने ठरत नाही, एवढेच ज्ञानराज दाखवतो. पृथ्वीवर थांबणे सुटसुटीत, कूर्मावर थांबणे पुराणाला धरून. निर्णय करायला वेगळे प्रमाण लागते, आणि ते निरीक्षणातून येत नाही. कूर्म मला पटत नाही. आक्षेप मात्र खणखणीत आहे. याला मागासपणा म्हणणाऱ्यांनी गिधाडाचा श्लोक वाचलेला नसतो, असा माझा संशय आहे.

घरातली पुढची पिढी याच वाटेने गेली. मुलगा चिंतामणी याने ‘सुंदर’वर टीका लिहिताना ज्योतिषाची विधाने अनुमानाच्या, म्हणजे न्यायशास्त्राच्या साच्यात घालून तपासली. दुसरा मुलगा सूर्यदास जास्त ओळखीचा. त्याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर 1538 मध्ये आणि ‘लीलावती’वर 1541 मध्ये टीका लिहिल्या, गीतेवरही लिहिले, शिवाय उलटसुलट दोन्हीकडून वाचता येणारे रामकृष्णकाव्य रचले. ‘बीजगणिता’च्या मंगलश्लोकातच अव्यक्त म्हणजे सांख्य दर्शनातले मूळ तत्त्व आणि अव्यक्त म्हणजे अज्ञात राशी अशी दुहेरी मांडणी आहे. दुहेरी अर्थांत रमणाऱ्या सूर्यदासाच्या हाती तो ग्रंथ पडणे स्वाभाविकच होते.

विरोधपरिहार, म्हणजे पुराण आणि सिद्धांत यांच्यातला विरोध मिटवण्याचा खटाटोप, नंतर काशीला गेला. गोदावरीकाठच्या गोलग्रामचे एक ज्योतिषी घराणे तिकडे स्थायिक झाले. त्यातल्या नृसिंहाने 1621 मध्ये भास्कराचार्यांवर ‘वासनावार्तिक’ लिहिले, त्याचा मुलगा कमलाकर याने 1658 मध्ये ‘सिद्धांततत्त्वविवेक’. कमलाकराला समरकंदच्या वेधशाळेतले ज्योतिषही ठाऊक होते.

1830 च्या दशकात हेच भांडण मराठीत छापून आले. माळव्यातल्या सीहोरच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने पौराणिक भूगोल खोडायला भास्कराचार्यांनाच पुढे केले. त्याच्या पदरच्या पंडिताने त्यावर मराठीत पुस्तक लिहिले, आणि पुण्याच्या एका शास्त्र्याने त्याला उत्तर दिले ते विरोध नाहीच, हे दाखवण्यासाठी.