हिस्टोप्लाज्मोसिस

हिस्टोप्लाज्मा कॅप्सुलाटम या बुरशीमुळे होणारा, मुख्यतः फुप्फुसांचा संसर्ग. पनामामध्ये काम करणारे अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ सॅम्युएल डार्लिंग यांना १९०५ मध्ये एका शवविच्छेदनात पेशींच्या आत दडलेले सूक्ष्मजीव आढळले. त्यांनी ते आवरण असलेले आदिजीव (प्राणिसदृश एकपेशीय जीव) मानले आणि नावही तसेच दिले; ‘कॅप्सुलाटम’ म्हणजे आवरणयुक्त. वस्तुतः हा जीव आदिजीव नाही आणि त्याला आवरणही नाही. तरीही ते चुकीचे नाव टिकून राहिले.

पक्ष्यांची विष्ठा किंवा वटवाघळांची लीद मिसळलेल्या नत्रयुक्त मातीत ही बुरशी तंतुरूपाने वाढते. जुने खुराडे पाडताना, गुहेत वावरताना किंवा माती उकरताना तिचे बीजाणू धुळीबरोबर उडतात आणि श्वासावाटे थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत बुरशीचे तंतुरूप जाऊन ती किण्वासारखी (यीस्टसारखी) एकपेशीय होते आणि तिला गिळणाऱ्या भक्षक पेशींमध्येच वाढू लागते. वटवाघळांना हा संसर्ग होतो, पक्ष्यांना सहसा होत नाही. त्यांची विष्ठा केवळ खताचे काम करते. रोग्याच्या खोकल्यातून तो इतरांना होत नाही, हा क्षयरोगापासूनचा मोठा फरक होय. अमेरिकेतील ओहायो व मिसिसिपी नद्यांची खोरी हे त्याचे सर्वपरिचित क्षेत्र असून भारतात गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः पश्चिम बंगालमध्ये, तो आढळतो.

बहुतेकांना लक्षणे जाणवतही नाहीत. इतरांना ताप, कोरडा खोकला व छातीत दुखणे असा त्रास होतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांमध्ये संसर्ग यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेपर्यंत पसरू शकतो.

निदानाची खरी अडचण क्षयरोगाशी असलेल्या साम्यात आहे. फुप्फुसातील पोकळ्या, सुजलेल्या लसीकाग्रंथी आणि बऱ्या झालेल्या व्रणांचे चुनखडी ठिपके क्ष-किरण चित्रात दोन्ही रोगांत सारखेच दिसतात, त्यामुळे क्षयाची औषधे घेऊनही गुण न आलेल्या रोग्यांत या बुरशीचा विचार व्हायला हवा. अशा वेळी रोगी अलीकडे कोठे गेला होता, हा साधा प्रश्न कधीकधी यंत्रांहून अधिक सांगून जातो. संवर्धनात, म्हणजे रोग्याचा नमुना प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर ठेवल्यावर, बुरशी वाढली की निदान निश्चित होते, पण त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. लघवीतील प्रतिजनाची (बुरशीच्या अंशाची) चाचणी लवकर निकाल देते आणि पसरलेल्या रोगात विशेष उपयोगी पडते. मात्र ब्लास्टोमायसिससारख्या दुसऱ्या बुरशीमुळेही ती सकारात्मक येऊ शकते. बुरशीविरुद्ध शरीरात बनणारी संरक्षक प्रथिने, म्हणजे प्रतिपिंड, तयार होण्यास वेळ लागत असल्याने सुरुवातीच्या दिवसांतील नकारात्मक रक्तचाचणीवर विसंबता येत नाही. ऊतीच्या तुकड्यावर चांदीयुक्त रंग चढवल्यास सूक्ष्मदर्शकाखाली २ ते ४ मायक्रोमीटरचे, अरुंद मानेने कळ्या फुटलेले काळे गोल कण उठून दिसतात.